जुन्या कॅम्पर व्हॅनची बॅटरी, सेल्फ आणि ब्रेक: पार्ट घ्यायच्या आधी मीटर लावा

गाडी चालू होत नाही म्हणलं की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "बॅटरी गेली बघा." मी पण तेच ऐकलं, नवीन बॅटरी टाकली, पैसे मोजले आणि दहाव्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर पुन्हा टक, आणि पुढं काहीच नाही. बॅटरी बिचारी चांगली होती. मागच्या बेडखाली बसवलेल्या टेपचा अँप्लिफायर कुणीतरी थेट बॅटरीवर जोडला होता, चावी काढून खिशात टाकली तरी तो रात्रंदिवस थोडा थोडा करंट पीत बसायचा. चार-पाचशेचा मीटर आधी घेतला असता तर बॅटरीचे पैसे वाचले असते, एवढंच काय ते दुखणं.

माझी गाडी म्हणजे एमएच तेरा पासिंगची जुनी डिझेल व्हॅन. आधी शाळेची पोरं न्यायची, मग मी आणि मेव्हण्यानं मागच्या सीटा काढून प्लायचा बेड, छोटा ओटा, पाण्याचा जार, दोन पंखे असं करून घेतलं. बेडवर चादर कुठली ते सोलापूरकराला सांगायची गरज नाही. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, नळदुर्ग, कधी एकदम कोकण. बाकीचे दिवस गाडी जुळे सोलापुरात कंपाउंडच्या कडेला उभी. आणि या गाड्यांचा खरा रोग तोच, उभं राहणं. रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीची बॅटरी आधी मरते, ब्रेक आधी जाम होतात. मी मेकॅनिक नाही, पण सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत बऱ्याच मिस्त्र्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलोय, आणि खाली लिहिलंय ते सगळं स्वतःच्या हातानं केलेलं आहे.

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची काचनळी), दहा ते एकोणीसचे रिंग पाने, वायर ब्रश, जाड जंपर केबल, चाकाला लावायला दोन लाकडी गुटके, जॅक आणि दोन घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे स्टँड). जंपर घेताना प्लास्टिक जाड आणि आत तार बारीक असा माल भरपूर मिळतो, तो घेऊ नका, डिझेल इंजिनाला त्यानं काही होत नाही, नुसती केबल तापते.

बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी न लावता, दार उघडझाप न करता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही टर्मिनलला लावा. आदल्या दिवशी उशिरा गाडी चालवली असेल तर आधी एक मिनिट हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज दिसतो आणि आपण उगाच खूश होतो. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे रडतखडत, आणि ११.८ म्हणजे रिकामीच.

पण नुसता उभा व्होल्टेज बघून बॅटरी पास करायची नाही. मीटर तसाच लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारायला सांगा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. उभी असताना १२.६ आणि सेल्फ मारल्यावर धाडकन ८, म्हणजे एकतर आतला सेल गेलाय किंवा सेल्फ स्वतःच जास्त करंट ओढतोय. यातलं नक्की कुठलं ते दुसऱ्या गाडीची चांगली बॅटरी लावून दोन मिनिटात कळतं.

गाडी चालू झाली की तिसरं माप. इंजिन थोडं रेस करून १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. १३ च्या आसपास किंवा खाली अडकलं तर आधी बेल्ट बघा, ढिला आहे का, चिरा पडल्यात का, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नंतर. आपल्याकडं बरेच मिस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात, गोंधळू नका, वस्तू तीच. १४.८ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवतोय. पाणी दर आठवड्याला कमी होतंय म्हणून नुसतं भरत बसणाऱ्यांनी हे माप जरूर घ्यावं.

पाण्याचं सांगायचं तर सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो माहितीय, पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं, आणि पत्र्याच्या गाडीत आत त्याहून जास्त. उष्णतेनं बॅटरी झपाट्यानं म्हातारी होते, साधारण दर १० अंशाला आयुष्य निम्म्यावर येतं असं धरतात. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. मरते उन्हाळ्यातच, थंडीत फक्त कळतं. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसाला झाकणं उघडून बघा, प्लेटांच्या वर बोटाच्या जाडीएवढं पाणी पाहिजे. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं तर अजिबात नाही, आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, तोच प्लेटांवर चढणार. ॲसिड कधी ओतायचं नाही, उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

हायड्रोमीटरनं सहाही सेल एकेक करून बघा. सगळे १.२५० च्या आसपास किंवा वर असतील तर झकास. पाच सेल १.२५० आणि एकच १.१८०, तर त्या बॅटरीत जीव नाही, कितीही चार्ज करा. सगळेच सारखे खाली असतील तर ती नुसती उपाशी आहे, रात्रभर हळू चार्जिंगला लावा आणि मग निर्णय घ्या. चार्जिंग मोकळ्या हवेत, जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल काढायची, मग लाल. लावताना उलटं, आधी लाल, शेवटी काळी. कारण साधं आहे, लाल सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि काळी जोडलेली असली तर पाना जागेवर वेल्डिंग होतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फसफसू द्या, ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर. सोड्याचं पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका म्हणजे झालं.

आता चोर शोधायचा. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी चार दिवसात झोपते, मग कुणीतरी गुपचूप करंट खातंय. चावी काढा, सगळी दारं बंद, आतले दिवे बंद. काळी केबल बॅटरीवरून सोडवा. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात लावा आणि मीटर केबल आणि बॅटरीच्या मध्ये जोडा, म्हणजे करंट मीटरमधूनच जाईल. असं जोडलेलं असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो, स्वस्त मीटर असेल तर मीटरच. जुन्या साध्या व्हॅनला ५० मिलिअँपियरच्या आत काहीही चालतंय. माझ्याकडं दिसला ०.६ अँपियर. हिशोब करा, ६० एएचची बॅटरी (म्हणजे एक अँपियर साठ तास), शंभर तासात पार मोकळी, आणि सेल्फ उचलायचा बंद होतो तो त्याच्या निम्म्यातच, म्हणजे दोन-अडीच दिवस. मग फ्यूज एकेक काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडला त्या लायनीत चोर. एकाही फ्यूजला पडला नाही तर बहुतेक कुणीतरी फ्यूजबॉक्सला वळसा घालून वायर टाकलीय, आणि कॅम्परमध्ये हे हमखास असतं कारण पंखे, टेप, मोबाईल चार्जिंग हे सगळं नंतर आपणच टाकलेलं असतं.

ह्याच कारणानं मागच्या पंख्या-दिव्यांना वेगळी बॅटरी ठेवा. आणि दोन्ही बॅटऱ्या नुसती वायर टाकून एकत्र बांधू नका, रात्री पंख्यानं दोन्ही रिकाम्या होतात आणि सकाळी माळरानावर बसा शेंगाचटणी-भाकरी खात. मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले टाकायचा, गाडी चालू असताना १३ च्या वर गेलं की दोन्ही जोडतो, बंद झाली की सोडतो. त्या वायरीला दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज पाहिजेच, जाड वायर बिनफ्यूजची पत्र्याला घासली तर प्लाय आणि गादी पेटायला वेळ लागत नाही.

सेल्फ

सेल्फ उचलत नाही म्हणजे नेमकं काय होतंय ते आधी ऐका. गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक ओढलेला, हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. हेडलाइट हाच इथं मीटर.

लाइट एकदम विझली, तर बॅटरी रिकामी किंवा टर्मिनल ढिलं. लाइट जशीच्या तशी आणि आवाज काहीच नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, चावीचा स्विच, रिले, नाहीतर सोलेनॉइडवरची (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) बारीक वायर बघा, ती पिन बऱ्याचदा नुसती सैल झालेली असते. टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज म्हणजे व्होल्टेज कमी. एकच जाड "टक" आणि पुढं काही नाही, लाइट फारशी मंद नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फचे कार्बन (आत घासून करंट पोचवणारे तुकडे) संपलेत. सेल्फ सूं करून नुसता फिरतोय आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचे दात इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातात अडकवणारा भाग. खरखर करून दात घासल्याचा आवाज येत असेल तर तिथंच थांबा, पुन्हा पुन्हा मारत बसलात तर फ्लायव्हीलचे दात जातात आणि मग गिअरबॉक्स उतरवायचा खर्च.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायची वाट. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतंय, म्हणजे चेसीशी त्याचा विजेचा संबंध फक्त एका विणलेल्या पट्टीनं. माझ्या गाडीत ती गिअरबॉक्सजवळ होती, वरून चिखल आणि ऑइलचा थर. बोटानं दाबली तर आतून हिरवट भुगा खाली पडला, पंधरा-वीस तारा शिल्लक असतील बाकी सगळ्या कुजलेल्या, आणि त्या पंधरा तारांवर डिझेल इंजिन फिरवायची अपेक्षा. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागायची त्याचं कोडं तिथं सुटलं, करंट बिचारा मिळेल त्या वाटेनं परत येत होता. तोवर दोन जणांनी मला सेल्फ बदला म्हणून सांगितलेलं.

हे मीटरनं कसं पकडायचं ते बघा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर (केबलच्या क्लॅम्पवर नाही, खुंटीवर) आणि दुसरं सेल्फच्या उघड्या बॉडीवर. सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब. माझ्याकडं १.९ आलं होतं. तसंच लाल बाजूला, बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट, तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. नवीन अर्थ पट्टी स्वस्तात येते. लावताना दोन्हीकडचा रंग, गंज खरवडून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, आवळा, मग ग्रीस. जुनी पट्टी तशीच राहू दे, नवी जास्तीची टाका, दोन अर्थनं कुणाचं वाईट झालेलं नाही.

दोन्ही केबल चांगल्या, बॅटरी चांगली, तरी उचलत नाही, मग सेल्फ उतरवायचा. उतरवायच्या आधी बॅटरीची काळी केबल काढा, सेल्फवर थेट बॅटरीची वायर असते. रस्त्यात अडकलात तर सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या मुठीनं हलकं ठोकत दुसऱ्याला चावी मारायला सांगा, घासलेले कार्बन एखाद-दोन वेळा पकडतात. चालला म्हणून विसरू नका, तो तुम्हाला घरी पोचवण्यापुरताच चाललाय. कार्बन आणि बुश बदलून मिळतात, पूर्ण नवीन सेल्फ घ्यायची घाई नको. आणि गाडीखाली झोपून स्क्रू ड्रायव्हरनं सोलेनॉइड शॉर्ट करायची हुशारी तर नकोच, गाडी चुकून गिअरमध्ये असली तर अंगावर येते.

गार असताना सेल्फ चालतो, आणि दुपारी टोलनाक्यापुढं चहाला थांबून परत मारलं की जड फिरतो, ही आपल्याकडची ठरलेली तक्रार. इंजिनच्या उष्णतेनं सेल्फ, केबल सगळं तापतं, विरोध वाढतो, बुश झिजलेले असले तर आर्मेचर (सेल्फचा आत फिरणारा भाग) घासायला लागतं. आधी वर सांगितलेली दोन्ही व्होल्टची मापं, अर्थची आणि लाल बाजूची, घ्या, बहुतेक तिथंच सापडतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदाच्या वर मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडा.

जंपर लावताना क्रम असा, लाल आपल्या पॉझिटिव्हला, लाल दुसऱ्याच्या पॉझिटिव्हला, काळी दुसऱ्याच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. हायवेवर ट्रकवाले मदतीला लगेच थांबतात, मनानं चांगली माणसं, पण ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे असतात, १२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. "लाव रे अण्णा" म्हणून दोन्हीच्या टोकाला लावलं तर तुमचे बल्ब, टेप, रेग्युलेटर सगळं गेलं. ट्रकचं इंजिन बंद ठेवून, ज्या बॅटरीची निगेटिव्ह चेसीला गेलीय त्या एकाच बॅटरीवर जोडायचं. नक्की कळत नसेल तर दुसरी एखादी जीप-कार येईपर्यंत थांबा.

धक्का स्टार्ट करायचं तर चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच सोडा. फक्त एक लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो, उतारावर असला प्रयोग नको.

बॅटरीचा दिवा आणि ब्रेक

इथं जरा थांबून वाचा. बऱ्याच जुन्या डिझेल व्हॅनमध्ये ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो, एकाच शाफ्टवर. म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंग पण बंद आणि ब्रेकचा बूस्टर (त्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) पण बंद. मला हे पुस्तकातून नाही कळलं. तुळजापूरहून निघालो, डॅशबोर्डवर लाल बॅटरीचा दिवा लागला, म्हणलं दिवाच तर आहे, सोलापुरात जाऊन बघू. घाटाच्या पहिल्या वळणाला ब्रेक नीट लागला, दुसऱ्याला जरा घट्ट, तिसऱ्याला पॅडलवर उभाच राहिलो म्हणा ना, गाडी थांबेना. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पुरला आणि संपला. दुसऱ्या गिअरवर आणून, दोन्ही पायांचा जोर लावून कडेला घेतली. बायको काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट.

तर निघायच्या आधी बॉनेट उघडून पंप कुठं आहे ते बघून ठेवा. अल्टरनेटरच्या बुडातून जाड रबरी नळी बूस्टरकडं जात असेल तर तुमच्या गाडीत लाल दिवा म्हणजे ब्रेकचा इशारा, घाटाच्या वरच थांबायचं. एक जास्तीचा बेल्ट आणि तो बदलायचे पाने गाडीत कायम ठेवा.

ब्रेक

गाडी सपाट जागेवर, चाकांना गुटके. आधी पॅडल काय सांगतंय ते बघा.

पॅडल घट्ट, दगडासारखं: बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. काहीच हललं नाही तर व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, वन-वे व्हॉल्व्ह गेला असेल, पंप नाहीतर बूस्टर.

पॅडल स्पंजसारखं, पंप केलं की वर येतं: लायनीत हवा, किंवा मागचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब गेलेत.

पॅडल दाबून धरलं की हळूहळू फ्लोअरकडं बसत जातं: हे सगळ्यात वाईट. आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला, बूस्टर आणि मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) सांध्यात ओल आहे का बघा. कुठंच गळत नसेल आणि तरी बसतंय तर मास्टर सिलिंडरचे आतले वॉशर गेले. ही गाडी मिस्त्रीकडं सुद्धा चालवत नेऊ नका, त्याला घरी बोलवा.

गाडी एका बाजूला ओढते किंवा एक चाक तापतं, त्याला पाच-सहा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता हळू थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हाताचा मागचा भाग न्या, टेकवू नका. शंका आली तर बोटानं दोन थेंब पाणी उडवा. तीन चाकांवर थेंब तसेच राहतात आणि चौथ्यावर चर्र करून उडतात, सापडलं. उभ्या गाडीत बहुतेक हॅन्डब्रेकची केबल गंजून अडकलेली असते, नाहीतर व्हील सिलिंडर जाम, पुढं डिस्क असेल तर कॅलिपरच्या पिना. जुना रबरी होजपाइप आतून फुगून वाट बंद करतो, बाहेरून नवाकोरा दिसतो, ब्रेक मारला की तेल जातं पण परत येत नाही, चाक धरून बसतं. हॅन्डब्रेकची केबल अशी अडकते म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये टाकून गुटके लावा.

ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. लायनरला ऑइल लागलं असेल तर घासून वापरायचा मोह टाळा, दोन्ही बाजूचे जोडीनं बदला, आणि ऑइल कुठून आलं ते आधी बंद करा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवीन असताना २३० अंशाला उकळतं, पाणी धरलं की १५५ पर्यंत खाली येतं, आणि घाटात लायनर तापले की तेवढी उष्णता मिळतेच. उकळलं की वाफ, वाफ म्हणजे हवा, पॅडल खाली. दर दोन वर्षांनी बदला, चहासारखं काळपट दिसलं तर आधीच. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच भरा, आणि डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं यात मिसळायचं नाही. सांडलं तर रंग जातो, लगेच पाणी ओता.

हवा काढायला दोघं लागतात, एक आत पॅडलवर, एक खाली:

१. मास्टर सिलिंडर उजवीकडं असलेल्या आपल्या गाडीत सर्वात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच.
२. चाकामागच्या हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेलं.
३. आतला माणूस हळू तीन वेळा दाबून धरतो आणि "धरलं" म्हणतो. खालचा माणूस निपल पाव फेरा सोडतो, बुडबुडे येतात, निपल आवळतो आणि मग "सोड" म्हणतो. आवळायच्या आधी पाय सोडला की हवा परत आत.
४. बुडबुडे बंद होईपर्यंत तेच. दर चार-पाच वेळेला टाकीत तेल बघा, टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. बाटलीतलं तेल परत ओतायचं नाही.

मागच्या ॲक्सलजवळ दांड्याला जोडलेला छोटा व्हॉल्व्ह दिसला तर तो मागच्या वजनाप्रमाणे ब्रेकचा जोर ठरवतो. कॅम्परमध्ये प्लाय, पाणी, बॅटरी, गॅस मिळून मागं कायमचं वजन असतं. तो दांडा गंजून अडकला असेल तर मागचे ब्रेक नावालाच लागू शकतात. इथं माझा हात थांबतो, हे सेटिंग जाणत्या मिस्त्रीकडूनच.

काम झाल्यावर लगेच हायवेला लागू नका. इंजिन चालू करून पॅडल जोरात अर्धा मिनिट धरा, खाली कुणीतरी प्रत्येक सांधा बघू दे. मग मोकळ्या मैदानात वीसच्या स्पीडनं चार-पाच वेळा थांबवा, नंतर चाळीसनं. हॅन्डब्रेक चढावर धरतोय का तेही बघा. मी एकरुख तलावापर्यंत जाऊन येतो, मग पुन्हा चारही चाकांवर पाण्याचे थेंब, टाकीतलं तेल रेघेवर आहे का, आणि व्हील नट परत एकदा आवळायचे.